भाजीचं पाणी आणि मफिनची जाळी : न्याहारीच्या व्हीगन मफिनची पहिली खेप

भाज्यांचे मफिन पहिल्यांदा करणारे बहुतेक जण एकाच जागी अडकतात. वरून छान सोनेरी दिसणारा मफिन मोडला की आत ओला, गिच्च निघतो. मग दोष जातो अंडं नसण्याला, ओव्हनला, नाहीतर बेकिंग पावडरला. खरं कारण बहुधा किसणीखाली असतं. दुधीच्या वजनात साधारण ९५ टक्के पाणीच असतं. कोबीत ९२, पालकात ९१ आणि गाजरात ८८ टक्के. दोन कप किसलेला दुधी तसाच पिठात घातला की जवळजवळ कपभर पाणी आपण न मोजता घालतो. कालवताना ते दिसत नाही. भट्टीत भाजी तापली की ते सुटतं, आणि नेमकं तेव्हाच पीठ फुगून जाळी धरत असतं. ती ओली होऊन खाली बसते.

म्हणून या लेखात मी पाण्याबद्दल जास्त बोलणार आहे आणि सजावटीबद्दल जवळजवळ काहीच नाही.

मी हे मफिन करायला लागले ते भाचीमुळे. तिला दुधाची ॲलर्जी आहे. बिनअंड्याच्या पाककृती आपल्याकडे हव्या तेवढ्या मिळतात, पण त्यातल्या बहुतेक दह्याच्या किंवा कंडेन्स्ड मिल्कच्या आधारानेच फुगतात. अंडंही नको आणि दूधही नको म्हटलं की त्या कामाच्या राहत नाहीत. व्हीगन म्हणजे नेमकं हेच: दूध, दही, तूप, लोणी, पनीर, मध, अंडं, यातलं काहीही नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपका इथे पुरेसा नाही, कारण तो शाकाहाराचा आहे आणि शाकाहारात दूध बसतं. मार्गारीनमध्येसुद्धा कधी कधी दुधाची पावडर असते. घटकांची यादी वाचायची सवय लावून घ्या. ॲलर्जीसाठी करत असाल तर ‘दुधाचे अंश असू शकतात’ ही वेगळी छापलेली सूचनाही शोधा.

साहित्य, मध्यम आकाराच्या १२ मफिनसाठी

कप म्हणजे २४० मिलि, मोठा चमचा १५ मिलि, छोटा चमचा ५ मिलि. घरातल्या वाट्या लहानमोठ्या असतात, त्यामुळे पिठांची वजनंही दिली आहेत. छोटा वजनकाटा असेल तर तोच वापरा, बेकिंगमध्ये अंदाज शिकायला वेळ लागतो.

कोरडं: कणीक १ कप (१२० ग्रॅम), ज्वारीचं पीठ अर्धा कप (६० ग्रॅम), बेसन अर्धा कप (५० ग्रॅम), बेकिंग पावडर २ छोटे चमचे, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, जिरेपूड १ छोटा चमचा, हळद पाव छोटा चमचा, चिमूटभर हिंग, तीळ २ मोठे चमचे.

ओलं: जवसाची पूड २ मोठे चमचे, ती भिजवायला पाणी ६ मोठे चमचे, बिनसाखरेचं सोया दूध पाऊण कप, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस १ मोठा चमचा, शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल पाव कप, गूळ १ छोटा चमचा.

भाजी: किसलेला दुधी २ कप, किसलेलं गाजर १ कप, बारीक चिरलेली मेथी अर्धा कप, कोथिंबीर मूठभर, आलं-मिरचीचा ठेचा चवीप्रमाणे. दुधीला लावायला आणखी अर्धा छोटा चमचा मीठ.

तीन पिठं का, हे सांगायला हवं. कणकेत ग्लुटेन हे चिवट प्रथिन असतं, ते मफिनचा सांगाडा धरतं. नुसत्या कणकेचा मफिन मात्र चिवट आणि जड होतो. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे ती कणकेला हलकं करते आणि चवही खमंग देते. ज्वारीचं पीठ ताजं हवं. विरी गेलेल्या पिठाची भाकरी जशी थापताना फुटते, तसाच त्याचा मफिन भगरा होतो, शिवाय कडवट लागतो. आणि बेसन आहे ते अंड्याच्या जागी. उष्णतेने बेसनातली प्रथिनं घट्ट होतात, पोळ्याला जशी आपोआप बांधणी येते तशीच. बेसन कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतून घ्या. त्याचा कच्चा वास मफिनमध्ये टिकून राहतो आणि मुलांना तो नेमका कळतो.

जवस विदर्भ-मराठवाड्यात चटणीसाठी घरात असतेच. इथे मात्र न भाजलेली घ्या आणि मिक्सरमध्ये अगदी बारीक करा. अख्ख्या दाण्याचा उपयोग नाही. पूड पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवली की अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी बुळबुळीत होते. एक मोठा चमचा पूड आणि तीन मोठे चमचे पाणी म्हणजे एक अंडं, हा हिशेब दुसऱ्या पाककृतींनाही लागू पडतो. एवढंच की जवस बांधून ठेवते, फुगवत नाही. फुगवण्याचं काम खायच्या सोड्याचं आणि बेकिंग पावडरचं.

आता भाजी

किसलेल्या दुधीला अर्धा छोटा चमचा मीठ चोळून चाळणीत ठेवा, खाली भांडं. पंधरा मिनिटांत भांड्यात हिरवट पाणी जमतं. मग मूठमूठ दुधी घेऊन पिळा, आणि शेवटी पातळ सुती कापडात बांधून पुन्हा एकदा पिळा. पहिल्यांदा करताना हात थांबतो, वाटतं सगळा सत्त्वांश चालला. थांबू नका. पिळलेला चोथा मुठीत धरून दाबला तर बोटांमधून थेंब येऊ नये, इतका कोरडा हवा.

पाणी मात्र फेकायचं नाही. त्यात मीठही आहे आणि दुधीची चवही. पीठ घट्ट वाटलं तर हेच पाणी चमच्याचमच्याने घालायचं. थालीपिठाला काकडी किसली की आपण हेच करतो. भाजीचं पाणी वाईट नसतं, फक्त ते कधी आणि किती पडतंय हे आपल्या हातात असलं पाहिजे.

कोकणात पावसाळ्यात मोठ्या तवशांची तवसळी करतात, काही घरांत तिला धोंडस म्हणतात. तिच्यात किसलेल्या काकडीच्या पाण्यातच तांदळाचा रवा आणि गूळ भिजतो, वेगळं पाणी सहसा लागत नाही. मग खाली विस्तव, झाकणावर निखारे, आणि दोन्ही बाजूंनी सावकाश भाजणं. तूप वगळलं की तो पदार्थ व्हीगनच आहे. भाजीचा केक भट्टीत भाजणं आपल्याला नवं नाही, नवा आहे तो सोडा आणि बारा खळग्यांचा साचा.

सगळ्या भाज्यांना एकच नियम लावू नका. गाजर किसून तसंच घातलं तरी चालतं, फार रसाळ असेल तर एकदा दाबून घ्या. मेथी चमचाभर तेलावर मिनिटभर परता, तिचं पाणीही आटतं आणि कडवटपणाही थोडा मऊ होतो. पालक गरम तव्यावर मलूल करून पिळायचा. कांदा कच्चा कधीच नको, गुलाबी परतून गार करून घाला. लाल भोपळा वाफवून कुस्करला तर सोया दूध पाव कप कमी करा. फ्लॉवर आणि ब्रोकोलीचे तुरे वाटाण्याएवढे करून दोन मिनिटं वाफवा. मक्याचे दाणे उकडून, निथळून. शेवग्याचा पाला ही माझी आवडती भाजी आहे, त्यात इतर पालेभाज्यांपेक्षा पाणी कमी, वाटीभर पानं नुसती चिरून घातली तरी मफिन बिघडत नाही. टोमॅटो मी घालत नाही. घालायचाच असेल तर बिया आणि गर काढून फक्त बाहेरचा भाग बारीक चिरा.

पिळून, परतून झालेली सगळी भाजी मिळून दीड ते दोन कप भरावी. त्याहून जास्त भाजी म्हणजे जास्त पौष्टिक, असं वाटणं स्वाभाविक आहे, पण मग पीठ तिला धरून ठेवू शकत नाही.

भट्टी आधी, कालवणं नंतर

ओटीजी, म्हणजे घरातला विजेचा छोटा ओव्हन, १९० अंश सेल्सिअसवर लावा, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवा, आणि किमान पंधरा मिनिटं तापू द्या. पंख्याचं कन्व्हेक्शन असेल तर १७५ पुरे. हे काम ओलं-कोरडं एकत्र करण्याआधीच व्हायला हवं. सोडा आणि आंबट एकमेकांना भेटले की वायू लगेच सुटायला लागतो. पीठ कालवून भट्टी तापायची वाट बघत बसलात तर तो वायू मफिन फुगवायच्या आधीच निघून जातो.

साच्याला तेल लावा. कागदी कप सुंदर दिसतात, पण या मफिनमध्ये तेल बेताचं असल्याने कागदाला अर्धा मफिन चिकटून येतो. कागद हवाच असेल तर बटर पेपरचे चौकोन कापून खळग्यात बसवा.

सोया दुधात व्हिनेगर घालून पाच मिनिटं ठेवा. ते फाटल्यासारखं दिसेल. तसंच हवं, ताकाची जागा तेच घेणार आहे. त्यात भिजलेली जवस, तेल आणि विरघळवलेला गूळ घालून चांगलं फेटा. गूळ गोडीसाठी नाही, त्याने वरचा रंग छान येतो. सोया चालत नसेल तर घरी काढलेलं पातळ नारळाचं दूध घ्या. त्यात स्निग्धांश असतो, मग तेल एक चमचा कमी.

दुसऱ्या भांड्यात सगळं कोरडं साहित्य चाळून घ्या आणि नंतर त्यात तीळ मिसळा. चाळणं टाळू नका, आणि त्याचं कारण हळद आहे. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते. हळद आणि चुना एकत्र करून कुंकू करतात ते याच गुणावर. सोड्याचा खडा पिठात राहिला तर मफिनमध्ये त्या जागी लाल ठिपका उमटतो आणि घासाला साबणासारखी चव येते. पूर्ण मफिनच तांबूस निघाला तर सोडा जास्त झाला किंवा आंबट कमी पडलं. चव न घेताही हळद ही चूक दाखवते, म्हणून पाव चमचा का होईना, ती घालाच. सूर्यफुलाच्या बिया घालणार असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या. सोड्यामुळे त्या गार झाल्यावर हिरव्या पडतात. ती बुरशी नव्हे, खायला काही हरकत नाही.

भाजी कोरड्या पिठात टाका आणि हाताने सुटी करा, म्हणजे प्रत्येक किसाला पीठ लागेल आणि भाजी तळाशी जाऊन बसणार नाही. मग मधोमध खळगा करून ओलं साहित्य एकदम ओता. आता कालथ्याने तळापासून वर असं दुमडत कालवायचं, फेटायचं नाही. पंधरा-वीस वेळा हात फिरला की थांबा. कोरडं पीठ दिसेनासं झालं पाहिजे, बारीक गाठी राहिल्या तरी चालतील. भज्याचं पीठ फेसायची आपल्या हाताला सवय असते, इथे ती आवरावी लागते. जास्त घोटलं की कणकेचं ग्लुटेन ताणलं जातं, मफिन वरून टोकदार होतो, आत बोगद्यासारखी लांबट भोकं पडतात आणि चावताना रबरासारखा लागतो.

पीठ किती सैल हवं? इडलीच्या पिठाहून बरंच घट्ट. चमच्यातून ओघळू नये, चमचा झटकला की गोळ्याने पडावं. चक्कीवरची कणीक पाणी बरंच पिते आणि प्रत्येक घरची वेगळी पिते, त्यामुळे दुधीचं ठेवलेलं पाणी इथे उपयोगी पडतं. बहुतेक वेळा मला दोन ते तीन चमचे लागतं.

प्रत्येक खळगा पाऊण भागाहून थोडा जास्त भरा, वर तीळ भुरभुरा आणि साचा लगेच मधल्या जाळीवर ठेवा. पहिली अठरा मिनिटं दार उघडू नका. २२ ते २६ मिनिटांत मफिन होतात. मधोमध काडी खुपसून बघा. काडीला भाजीचा ओलसर तंतू लागला तर हरकत नाही, पांढरट ओलं पीठ लागलं तर आणखी चार मिनिटं. बोटाने दाबल्यावर वरचा भाग परत वर यायला हवा. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत अनेकदा फरक असतो. दर वेळी कडा करपून आत कच्चं राहत असेल तर आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्या. ती खरेदी महागड्या साच्यापेक्षा जास्त उपयोगाची.

बाहेर काढल्यावर साच्यात पाच मिनिटं, मग कडेने सुरी फिरवून जाळीवर. साच्यातच ठेवले तर वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि बूड ओलं पडतं. एवढं पाणी पिळून काढल्यावर शेवटच्या पाच मिनिटांत ते परत आणू नका. गरम असताना मोडायचा मोह होईल, पण पंधरा-वीस मिनिटं द्या. आतला स्टार्च गार होताना घट्ट होतो. भट्टीतून आल्या आल्या मोडलेला उत्तम मफिनही कच्चा वाटतो.

ओव्हन नसेल तर

अप्पेपात्र काढा. हेच पीठ, हीच भाजी. खळग्यात थेंबभर तेल, मंद आच, झाकण, चार-पाच मिनिटांनी उलटून आणखी तीन मिनिटं. याला मफिन म्हणा वा आप्पे, कडा जास्त खमंग होतात आणि घाई असलेल्या सकाळी मी हेच करते. एका वेळी होत नसेल तर पिठाचे दोन भाग करून ओलं-कोरडं दोनदा एकत्र करा, कारण उरलेलं पीठ थांबत नाही.

जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर, वर तिवई आणि घट्ट झाकण, ही जुनी युक्तीही चालते. पातेलं मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं तापवा, मग मफिनना ३० ते ३५ मिनिटं लागतात आणि रंग फिका येतो. नॉनस्टिक भांडं यासाठी कधीही वापरू नका. ते कोरडं तापवलं तर त्याच्या लेपातून घातक धूर निघतो.

सकाळी साडेसातचा डबा कसा जमवायचा

रात्री कोरडं साहित्य चाळून डब्यात भरून ठेवा. भाजी किसून, पिळून, परतून फ्रीजमध्ये. मेथी आणि कोथिंबीर निवडून ठेवलेली. ओलं आणि कोरडं मात्र रात्री एकत्र करायचं नाही, सकाळपर्यंत सोड्याचा जोर संपलेला असतो. सकाळी उठल्यावर भट्टी लावा, जवस भिजवा, सोया दुधात व्हिनेगर घाला आणि चहा टाका. चहा होईपर्यंत सगळं तयार असतं. भट्टी लावल्यापासून डब्यात भरेपर्यंत तासभर धरा.

याहून सोपं म्हणजे रविवारी दोन घाणे करून गोठवणं. पूर्ण गार झालेले मफिन हवाबंद पिशवीत फ्रीजरमध्ये महिनाभर चांगले राहतात. सकाळी थेट १६० अंशांवर बारा-पंधरा मिनिटं. फ्रीजच्या खालच्या भागात तीन दिवस. बाहेर मात्र मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत एकाच दिवसाचा भरवसा धरा. भाजीतला ओलावा कितीही काढला तरी थोडा राहतोच.

पौष्टिकतेबद्दल खरं ते सांगते. वरच्या मापात एका मफिनमध्ये अंदाजे १३५ ते १४० किलोकॅलरी, साडेतीन ग्रॅम प्रथिनं आणि एक छोटा चमचा तेल येतं. दोन मफिन खाल्ले तर सात ग्रॅम प्रथिनं. न्याहारी म्हणून हे पोट भरतं, पण वाढत्या मुलासाठी एवढ्यावर थांबू नका. सोबत मटकीची उसळ, वाटीभर उकडलेले हरभरे किंवा शेंगदाण्याची चटणी द्या. आणि घरात कोणी पूर्ण व्हीगन असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाचं डॉक्टरांशी बोला. ते साध्या वनस्पतीजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही, आणि कितीही भाज्या घातल्या तरी मफिन ती उणीव भरून काढणार नाही.

पहिली खेप दिलेल्या मापानेच करा. दुसऱ्या खेपेला भाजी बदला, पण एका वेळी एकच. तिसऱ्या खेपेला पीठ. ज्वारीऐवजी नाचणी घेतलीत तर रंग चॉकलेटी येतो, हळदीचे ठिपके ओळखू येत नाहीत, म्हणून सोडा मोजून आणि दोनदा चाळून घाला. माझी भाची आता दुधी स्वतः पिळते. कापडाला पीळ देताना ती हात इतका आवळते की मला तिला थांबवावं लागतं, आणि भांड्यातलं पाणी ओट्यावर नीट बाजूला ठेवून मगच ती हात धुवायला जाते.